कीटोवर असताना ग्लासात काय मिसळायचं? निपाणीहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

निपाणीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. वय ४४. चार महिने कीटो, म्हणजे पिष्ट-साखर अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार, चालू आहे. भाकरी, भात, गूळ, सगळं बंद. सुरुवातीला नऊ किलो उतरले, आता दीड महिना झाला, काटा जागचा हलत नाही. शनिवारी रात्री मित्रांसोबत बसणं होतं. पूर्वी रम आणि कोला असायचं. कोल्यात साखर म्हणून ते सोडलं आणि जिन-टॉनिक धरलं, कारण त्यांच्याच शब्दांत, 'टॉनिक कडू असतं, ते सोड्यासारखंच.' तीन लार्ज होतात. सोबत काय घ्यावं, डाएट कोला चालेल का, गोव्याला गेल्यावर काय करावं, बारमध्ये नेमकं काय सांगावं, असे त्यांचे प्रश्न आहेत. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: 'शुगरची एक गोळी चालू आहे.'

मी बेळगावात सोळा वर्षं आहारसल्ला देतोय. त्याआधी चार वर्षं पणजीत एका हॉटेलच्या बारमागे उभा होतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला हातानं माहीत आहेत. पण उत्तर मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करणार, कारण मिक्सर चुकला तर फार तर वजन अडेल, गोळी चुकली तर दवाखाना गाठावा लागेल.

आधी गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा, कंपनीचं नव्हे. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर कीटो आणि दारू दोन्ही ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, तो निर्णय त्यांचा. या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. साखर कमी पडली की शरीर चरबी जाळून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ बनवायला लागतं. कीटो आहारही तेच करतो. त्यात दारू पोटात गेली की यकृत नवी साखर बनवायचं काम बाजूला ठेवतं, म्हणजे कीटोनला तिसरा धक्का. मग रक्त आम्लधर्मी होऊ लागतं. यातली फसवणूक अशी की ग्लुकोमीटरवर आकडा १६० किंवा १८० दिसतो. घरचे म्हणतात, शुगर तर बरी आहे, काल जास्त झाली असेल, झोपू दे. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, ही लक्षणं पिण्यानंतरच्या सकाळी दिसली तर उतारा शोधत बसू नका. सरळ दवाखान्यात जा आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा, 'मी ही गोळी घेतो आणि कीटोवर आहे.' ते ऐकल्यावर डॉक्टर कीटोन तपासतील. नाहीतर साखरेचा आकडा बघून कुणाचंही लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं.

गोळी ग्लिमेपिराइडच्या जातीची असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर धोका उलट बाजूचा आहे. पोटात कार्ब्स, म्हणजे पिष्ट-साखर, नाहीत, यकृत दारू पचवण्यात गुंतलंय आणि गोळी साखर खाली ओढतेय. पहाटे साखर घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, हे सगळं चढल्यासारखंच दिसतं आणि बाजूला बसलेल्या मित्रांना ते कळत नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर परिस्थिती त्यामानानं सोपी, पण तिच्यासोबतही भरपूर पिणं धोक्याचंच. म्हणून तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: मी कीटोवर आहे आणि शनिवारी पितो. आपल्याकडे लोक पहिली सांगतात, दुसरी लपवतात. पुढचं सगळं मी डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय असं धरून लिहितोय.

आता ग्लासाकडे येऊ.

आपला मुलूख उसाचा. हंगामात चिकोडी, अथणी, रायबागच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, कारखान्याजवळ गेलं की मळीचा तो जड, गोडसर वास नाकात बसतो. भारतातली रम आणि आपली बरीचशी व्हिस्की याच मळीपासून बनते. म्हणून मला हमखास विचारतात, 'रम उसाची, मग तिच्यात साखर असणारच ना?' नसते. यीस्ट मळीतली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं, मग ते द्रव भट्टीत तापवतात. वाफ होऊन वर जातं ते अल्कोहोल, थोडं पाणी आणि वास. साखरेची वाफ होत नाही, ती खालीच राहते. त्यामुळे साधी रम, व्हिस्की, जिन, व्होडका, ब्रँडी, यांत कार्ब्स जवळपास शून्य. स्वाद घातलेल्या आणि मसाला रमचं मात्र लेबल बघा, त्यांत नंतर साखर घातलेली असू शकते.

शून्य कार्ब्स म्हणजे शून्य कॅलरी असं मात्र कुणी समजू नये. एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे ७ कॅलरी. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबानं ६० मिलीच्या लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १४० च्या आसपास कॅलरी. तुमचे तीन लार्ज म्हणजे सव्वाचारशे. कुठलाही मिक्सर हा आकडा कमी करू शकत नाही. शिवाय शरीर ते अल्कोहोल आधी जाळतं, तोवर चरबी जाळायचं काम मागे पडतं.

आता तुमचं टॉनिक. त्यात कडूपणा येतो क्विनीनचा. इंग्रजांच्या काळात हिवताप टाळायला क्विनीन घ्यायचे, आणि ते इतकं कडू की साखर आणि सोडा घालून गिळावं लागे. टॉनिक वॉटरचा जन्म त्यातून झाला. म्हणजे ते कडू आहे म्हणूनच त्यात साखर घातलेली आहे. नेहमीच्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ५ ते ९ ग्रॅम साखर सापडते. ८ धरा. तीन लार्जना ३०० मिलीचे दोन कॅन लागले तर ४८ ग्रॅम. कीटोवर दिवसभराच्या कार्ब्सची मर्यादाच २० ते ५० ग्रॅम असते. कोला सोडून तुम्ही जे धरलंत ते कोल्याचंच भावंड निघालं. कोल्यात १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम असते, फरक फार मोठा नाही.

आणि दीड महिना अडलेल्या काट्याचं एक कारण इथेच आहे. शनिवारी रात्री ही साखर आत गेली की शरीर तिच्यातली काही ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, म्हणून ठेवतं आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सोमवारी सकाळी वजन थोडं वाढलेलं दिसतं. मग मंगळवार-बुधवार पुन्हा कीटोसिसमध्ये, म्हणजे चरबी जाळण्याच्या अवस्थेत, शिरण्यात जातात, गुरुवार-शुक्रवार बरे जातात, आणि शनिवार येतो. सात दिवसांतले जेमतेम तीन-चार दिवस तुम्ही खरे कीटोवर असता. तुमची चूक आळसाची नाही, माहितीची आहे, आणि ती दुरुस्त होते.

साधा सोडा हा माझ्या मते कीटोवरचा सगळ्यात चांगला मिक्सर, आणि आपल्याकडे तो गल्लोगल्ली मिळतो. पाणी आणि दाबून भरलेला वायू, एवढंच. गोटीची सोडा बाटली कुठे मिळाली तर तीही चालेल, फक्त साधी घ्या. रंगीत, संत्र्या-आल्याची घेऊ नका, त्यात सरबत असतं. लोकांची तक्रार असते की नुसत्या सोड्यासोबत व्हिस्की उग्र लागते. ती उग्र लागते कारण सोडा कोमट असतो आणि वरून धबाधबा ओततात. बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा. ग्लास बर्फानं काठोकाठ भरा, दोन खडे टाकून भागवू नका, कारण थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पांचट होतं. मग दारू, मग ग्लास तिरका धरून कडेनं सोडा, आणि चमचा एकदाच तळापासून वर. ढवळत बसलात तर बुडबुडे मरतात. पणजीत माझ्या पहिल्या महिन्यात वरिष्ठांनी हे मला शंभर वेळा करायला लावलं होतं. हातात जो फरक पडतो तो जिभेला कळतो.

लिंबू पिळाच. एका मध्यम लिंबाच्या रसात एक-दीड ग्रॅम कार्ब्स, ते परवडतात. पण लिंबू आणि लाइम कॉर्डियल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बारमध्ये 'लाइम' म्हटलं की कित्येकदा हिरवट रंगाच्या बाटलीतून ओततात, ते साखरेचं पाकच असतं. काही बारमध्ये स्वतःचा साखरेचा पाक बनवून ठेवतात, त्याच्या ३० मिलीत १५ ते १८ ग्रॅम साखर बसते. फ्रेश लाइम सोडा मागवलात की तो घालून आणतात, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना तसाच आवडतो. लिंबू टेबलावर कापून मागवा, स्वतः पिळा.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट सांगतो: कोकम आगळ. सोड्यानंतर कीटोवाल्यांसाठी आपल्या भागात याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि ते वापरणारे फार थोडे दिसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात कोकमाची झाडं आहेत, कानडीत त्याला मुरगल म्हणतात; कोकणातून तर आगळाच्या बाटल्या आपल्या बाजारात येतातच. पण दुकानात उभं राहून नीट वाचा. दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात, दोन्ही जांभळट लाल. एकीवर कोकम सरबत किंवा अमृत कोकम लिहिलंय: ती साखरेत मुरवलेली, परत ठेवा. दुसरीवर आगळ: त्यात कोकमाचा रस आणि मीठ. ती घ्या.

करायचं असं. उंच ग्लासात दोन छोटे चमचे आगळ, अर्धं लिंबू, एक हिरवी मिरची मधोमध चिरून, बिया काढून, आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड. त्यात घोटभर साधं पाणी घालून चमच्यानं हलवा, म्हणजे आगळ तळाशी बसणार नाही. मग बर्फ, मग ३० मिली व्होडका किंवा जिन, शेवटी गार सोडा कडेनं, हळू. हळू यासाठी की मीठ आणि सोडा एकत्र आले की फेस उसळतो; घाई केलीत तर अर्धा ग्लास टेबलक्लॉथवर जातो. तळाशी गडद जांभळं आणि वर येता येता गुलाबी होत गेलेलं असं ते दिसतं. चव आधी आंबट, मग खारट, शेवटी मिरचीची झणझण. संपूर्ण ग्लासाचे एक-दोन ग्रॅम कार्ब्स धरा. आगळात मीठ आधीच असतं, वरून घालू नका, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन चमच्यांचा एक करा.

यामागे माझं एक ठाम मत आहे. कीटोवर आल्यावर लोक बिनसाखरेचा गोडवा शोधत फिरतात. स्टीव्हियाचा पाक, एरिथ्रिटॉलचा पाक, डाएट अमुक, झीरो तमुक. एरिथ्रिटॉलचा पाक मी करून पाहिलाय: साखरेच्या सत्तर टक्क्यांइतकाच गोड, आणि फ्रीजमध्ये ठेवला की दाणे धरतो. पुड्यांमधल्या स्वीटनरमध्ये कित्येकदा भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन असतं, तेही कार्बच. एवढा खटाटोप करून जिभेची गोडाची सवय मात्र तशीच राहते, आणि रविवारी सकाळी कुणी पुढ्यात कुंदा ठेवला की चमचा आपोआप उचलला जातो. त्यापेक्षा आंबट, खारट, तिखट आणि थंडगार या दिशेला वळा. त्या चवी आपल्या घरातच आहेत. उन्हाळ्यात कैरी उकडून तिचा दोन चमचे गर, साखर-गूळ न घालता, मीठ-जिऱ्यासोबत घ्या. दोन-तीन ग्रॅम पडतील. गवती चहा पाण्यात उकळून, गार करून बाटलीत भरून ठेवा, जिनसोबत तो इतका छान जुळतो की टॉनिकची आठवण होत नाही, आणि त्यात कार्ब्स नाहीत म्हटलं तरी चालेल. काकडीच्या चकत्या, पुदिन्याची पानं हातावर टाळी देऊन टाकलेली, आल्याचा चमचाभर रस. एवढ्यावर वर्षभराचे शनिवार निघतील.

डाएट कोला चालेल का, हा तुमचा सरळ प्रश्न. कार्ब्सच्या हिशेबानं चालेल, त्यात साखर शून्य आहे. त्यातल्या अ‍ॅस्पार्टेमबद्दल भीती असते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. आठवड्याला एखाद-दुसरा कॅन त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. माझी काळजी वेगळी आहे.

साखरेचं पेय पोटात थोडं रेंगाळतं. बिनसाखरेचं लवकर पुढे आतड्यात सरकतं, आणि दारू मुख्यतः तिथेच रक्तात शिरते. अॅडलेडच्या संशोधकांनी २००६ साली तीच व्होडका एकदा साखरेच्या आणि एकदा स्वीटनरच्या पेयातून दिली. पोट अर्धं रिकामं व्हायला पहिल्या वेळी सुमारे ३६ मिनिटं लागली, दुसऱ्या वेळी २१. रक्तातलं अल्कोहोल वर चढलं ते पहिल्या वेळी १०० मिलीला ३४ मिलिग्रॅमपर्यंत, दुसऱ्या वेळी ५३ पर्यंत. दारू तेवढीच. अभ्यास मोजक्या माणसांवरचा आहे, पण माझ्यासमोर बसणारे लोक जे सांगतात त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घ्या.

यात कीटोची भर पडते. पोटात भात-भाकरीचा थर नाही, यकृतातला साखरेचा साठा कमी, शरीरातलं पाणी आणि मीठही आधीच कमी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ओळखीच्या माणसाला बेधडक सांगितलं होतं, 'रम चालेल, फक्त डाएट कोला घे.' तो चार पेगांचा पक्का गडी. त्या रात्री दुसऱ्यातच त्याचा तोल गेला, घराच्या पायरीवर पडला, हनुवटीला टाके पडले. दोष त्याचा नव्हता, माझा सल्ला अर्धवट होता. तेव्हापासून मी पूर्ण वाक्य सांगतो: मिक्सर बिनसाखरेचा केलात तर पेग निम्मे करा. तीन लार्ज नव्हे, ३० मिलीचे तीन स्मॉल. पहिल्या घोटाआधी पोटात अंडं, पनीर, मटण, काहीतरी चरबी-प्रथिनाचं असू द्या. दोन पेगांच्या मध्ये एक ग्लास पाणी, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून. आणि गाडीची किल्ली त्या दिवशी घरीच.

बाकीचं भरभर सांगतो. पॅकबंद फळांचा रस, 'नो अॅडेड शुगर' लिहिलेला असला तरी नाही. संत्र्याच्या २०० मिली रसात त्याची स्वतःची साखर २० ग्रॅमच्या घरात असते. 'शुगर फ्री' हा शब्द वेगळा, आपल्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे तो १०० मिलीला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच लिहिता येतो. त्यामुळे पुढचे मोठे शब्द सोडा, बाटली फिरवा आणि मागच्या चौकटीत १०० मिलीमागे कार्बोहायड्रेट किती ते वाचा, मग तुमच्या ग्लासात किती मिली जातं त्यानं गुणा आणि १०० नं भागा. जिंजर एल नावानं साधं वाटतं, साखर टॉनिकइतकीच. एनर्जी ड्रिंक तर नकोच: साखर आहेच, शिवाय त्यातल्या कॅफिनमुळे किती चढलीय ते कळत नाही. टोमॅटोचा रस १०० मिलीला ४ ग्रॅमच्या आसपास, घरी काढून गाळलेला, मिरपूड-लिंबू घालून, एक ग्लास चालतो. शहाळ्याचं पाणी तेवढंच, ४ ग्रॅमच्या आतबाहेर, पण शहाळं अख्खं संपतं आणि १० ते १२ ग्रॅम होतात. घ्यायचं तर अर्धं. बिअरची मोठी बाटली म्हणजे २० ग्रॅमच्या पुढे, ती पातळ भाकरीच समजा. कोरडी वाइन एक ग्लास ३-४ ग्रॅम, गोव्याची स्वस्त पोर्ट मात्र गोड असते. गोड लिकर घातलेली कॉकटेल्स सोडून द्या.

गोव्याबद्दल विचारलंत. चोर्ला घाट उतरला की आपल्या माणसांचा संयम सुटतो हे मी चार वर्षं पलीकडून पाहिलंय. काजूची फेणी दोनदा गाळलेली, तिच्यात साखर नाही. मार्च ते मे हंगामात उर्राक मिळतो, तो पहिल्या गाळपाचा, फेणीपेक्षा सौम्य. तोही गाळलेलाच, म्हणजे कार्ब्सची चिंता नाही. घोटाळा होतो तो सोबतीमुळे: उर्राक तिथे लिंबाच्या गोड कोल्ड्रिंकसोबतच देतात, आणि सौम्य आहे म्हणून लोक पाण्यासारखा पितात. तुम्ही साधा सोडा मागा, अर्धं लिंबू, मीठ, आणि एक हिरवी मिरची उभी चिरून ग्लासात सोडा. उर्राकचा तो काजूच्या फळाचा वास गोड पेयाखाली दबतो, सोड्यात मोकळा होतो. एकदा असा प्यालात तर परत कोल्ड्रिंक घालणार नाही, हे मी बारमागून कित्येकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

बारमध्ये ऑर्डर देताना 'डाएट' एवढंच सांगून थांबू नका. एका ठिकाणी मला ग्लास भरून आणून दिला, 'डाएट आहे सर' म्हणून, आणि पहिल्याच घोटाला दातांवर चिकटपणा जाणवला. बार कुठला ते महत्त्वाचं नाही, गर्दीच्या रात्री हे कुठेही होतं. कॅन टेबलावर आणून समोर फोडायला सांगा. पेग आणि मिक्सर वेगवेगळे मागा, मिसळायचं काम स्वतः करा. निपाणी-बेळगावात टेबलावर पेग आणून देणारा पोरगा बहुधा कानडी बोलणारा असतो, त्याला मराठीत लांबण लावण्यापेक्षा दोन शब्द सांगा: 'सक्करे बेडा, बरी सोडा.' साखर नको, नुसता सोडा. मी कित्येकांना हे कागदावर लिहून दिलंय. स्वतःच्या भाषेत ऐकलं की पोरगा हसतो आणि लिंबू जास्तीचं आणून देतो.

चकण्यात शेव, फरसाण, मसाला पापड आला तर वरची सगळी मेहनत वाया. भाजलेले शेंगदाणे मूठभर ठीक, त्यात पाच-सहा ग्रॅम कार्ब्स येतात, बशी संपवायची नाही. उकडलेली अंडी, सुकं मटण, तळलेले मासे बिनरव्याचे, पनीर. आणि दारू पोटात गेली की भूक खोटी लागते, रात्री साडेअकराला बिर्याणीची हाक येते. त्यासाठी घरी आधीच काहीतरी करून ठेवा.

तुमच्यासाठी येत्या शनिवारचं असं ठरवू. डॉक्टरांनी गोळीबद्दल होकार दिला असेल तरच. सातला घरी दोन अंडी आणि काकडी खाऊन निघा. आगळाची छोटी बाटली खिशात असू द्या. ओळखीच्या ठिकाणी कुणी आडवं येत नाही, आणि नसेल चालत तर सोडा-लिंबू आहेच. तीन स्मॉल, दोन तासांत, मधे पाणी. हे चार शनिवार करा, टॉनिकचा एकही कॅन न फोडता. वजन सोमवारी घेऊ नका, पाण्याचा चढ-उतार त्यात असतो. दर बुधवारी सकाळी, लघवी करून, काही न खाता घ्या, चारही आकडे लिहून ठेवा आणि मला पाठवा. सोबत गोळीचं नावही कळवा.